विमान बनवायचं असेल तर

(१९९६ च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. समोर माजी विद्यार्थ्यांबरोबर शाळेतली आताची नववी-दहावीची मुलं आणि त्यांचे पालकही बसले होते.)



संयोजकांनी मला बजावून सांगितलंय, "आठवणी सगळेच सांगणार आहेत, तू मुलांना उपयोगी पडेल असं काही सांग." म्हणून मी एरोस्पेस इंजिनिअरिंग हा विषय घेतला. चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं २३ ऑगस्ट २०२३ ला. तेव्हापासून पाचोऱ्याला आले की दर वेळी कुणीतरी विचारतंच, "ताई, आमच्या पोराला इस्रोत जायचंय, कोणती डिग्री घेऊ?"

आधी एक कबूल करते. मी एरोस्पेस इंजिनिअर नाही. माझी डिग्री इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनची, तीही जळगावची. नंतर सॉफ्टवेअरमध्ये गेले, काही वर्षं बँकांची कामं केली. गेली बारा वर्षं पुण्यात विमानाच्या सॉफ्टवेअरवर काम करते. कॉकपिटमध्ये वैमानिकासमोर जे पडदे असतात, त्यांवर वेग, उंची, दिशा दाखवणारा प्रोग्रॅम बरोबर चालतो की नाही, हे आमची टीम तपासते. म्हणजे मी विमानापर्यंत पोचले, पण मागच्या दाराने.

पुढचं दार कुठे आहे, हेच मला माहीत नव्हतं. आठवीत आपली सहल नाशिकला गेली होती, आठवतं? एसटी आग्रा रोडला लागली आणि सरांनी ओझरची पाटी दाखवून सांगितलं, "इथे मिग विमानं बनतात." हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा हा कारखाना १९६४ साली उभा राहिला. मी खिडकीतून मान वळवून बघत राहिले. दिसलं काहीच नाही, पण डोक्यात बसलं की विमानं नाशिकला बनतात. पाचोऱ्याहून चाळीसगाव, मालेगाव, चांदवड, की आलंच ओझर. सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला पोचावं एवढ्या अंतरावर.

पण तिथे काम करायचं तर शिकायचं काय आणि कुठे, हे मला सांगणारं कुणी नव्हतं. सरांनाही माहीत नव्हतं, त्यात त्यांचा दोष नाही. आयआयटी मुंबईत हा विषय शिकवतात आणि त्यासाठी वेगळी प्रवेश परीक्षा असते, हे मला कळलं १९९८ साली, बारावीचा निकाल हातात आल्यावर. माझा विषय चुकला तो हुशारी कमी पडली म्हणून नाही, माहिती दोन वर्षं उशिरा आली म्हणून. ही खंत मी फार वर्षं उगाळली नाही, माझं बरंच झालं. पण पुढची गोष्ट मात्र अजून सलते.

२०१५ साली आपल्याच बॅचच्या एका मैत्रिणीचा फोन आला. नाव घेत नाही. "अगं, मुलाने एरोनॉटिकलला ॲडमिशन घेतली, बाहेरच्या राज्यात, खाजगी कॉलेज आहे." मी म्हटलं, "वा! माझ्या मनातलं त्याने केलं." तीन मिनिटांत फोन ठेवला. कॉलेज कोणतं, प्रयोगशाळा कशी, आधीची मुलं कुठे लागली, फी किती, यातलं एक अक्षर मी विचारलं नाही. तेव्हा मी याच क्षेत्रात काम करत होते. मला हे प्रश्न माहीत होते.

त्या फीसाठी त्यांनी दीड एकर विकलं, हे मला नंतर कळलं. कॉलेजात विंड टनेल होता, पण चारही वर्षं बंद. मुलाखतींना येणाऱ्या कंपन्यांपैकी एकीचाही विमानाशी संबंध नव्हता. २०१९ ला तो पास झाला, नोकरीच्या शोधात वर्ष गेलं, आणि मग कोविड आला. पुण्यात दोन वर्षं त्याने कॉल सेंटरमध्ये रात्रपाळी केली. त्याच काळात त्याने दिवसा घरी बसून पार्टवर किती ताण येतो याचं गणित करणारं सॉफ्टवेअर शिकून घेतलं, आणि आता तो गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीच्या डिझाइन विभागात आहे. मागे भेटला तेव्हा म्हणाला, "मावशी, विषय मला अजून आवडतो. कॉलेज बघून घ्यायला हवं होतं." त्याने मला दोष दिला नाही. मी मात्र घरी आल्यावर त्या तीन मिनिटांच्या फोनचा हिशोब मांडत बसले.

तेव्हा आज मी जे सांगणार आहे, ते त्या दिवशी फोनवर सांगायचं राहून गेलं होतं, असं समजा.

पहिली गोष्ट, ही डिग्री म्हणजे काय? चार वर्षांचा बी.टेक. किंवा बी.ई. पहिल्या वर्षी सगळ्या शाखांसारखंच गणित, भौतिकशास्त्र, ड्रॉइंग, प्रोग्रॅमिंग. पुढे चार मोठे विषय येतात. एसटीच्या खिडकीतून हात बाहेर काढला की कंडक्टर ओरडतो, पण तळहात थोडा तिरपा केला की वारा तो वर उचलतो, हे आपण सगळ्यांनी लहानपणी केलंय. ते एरोडायनॅमिक्स. दुसरा विषय रचना, म्हणजे स्ट्रक्चर. आपली केळी बघा. खोड म्हणजे नुसत्या सोपटांची गुंडाळी, वजनाला हलकं, तरी वीस-पंचवीस किलोचा घड पेलतं. आणि जूनच्या वादळात तीच बाग एका तासात आडवी होते. कमीत कमी वजनात किती भार सोसता येईल, आणि कोणत्या वाऱ्यात मोडेल, हे विमानाच्या बाबतीत आधी कागदावर काढावं लागतं. विमानाच्या आयुष्यात जास्तीत जास्त जेवढा भार येईल असं धरतात, त्याच्या दीडपट भार त्याने सोसला पाहिजे असा नियम आहे. फक्त दीडपट, कारण त्याहून मजबूत करायला गेलं तर ते जड होईल. तिसरा विषय इंजिन, म्हणजे प्रॉपल्शन, जेट आणि रॉकेट दोन्ही. चौथा, उडणारं विमान स्थिर कसं राहतं आणि आपल्या ताब्यात कसं ठेवायचं, हा. अवकाशाकडे वळलात तर उपग्रहाच्या कक्षेचं गणित.

एरोनॉटिकल म्हणजे हवेतलं, विमानापुरतं. एरोस्पेस म्हणजे त्यात रॉकेट आणि उपग्रहही आले. नावात फरक आहे, पाया एकच, आणि तो पाया गणिताचा आहे. ज्याला विमानं बघायला आवडतात पण गणिताच्या तासाला घड्याळाकडे नजर जाते, त्याने ही डिग्री घेऊ नये. बघायला आवडणं वेगळं आणि त्याची समीकरणं महिनोन्‌महिने सोडवत बसणं वेगळं.

दुसरी गोष्ट, ही डिग्री म्हणजे काय नाही? ही वैमानिकाची डिग्री नाही. वैमानिक व्हायला व्यावसायिक परवाना लागतो, त्यासाठी भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन बारावी, वैद्यकीय तपासणी, परीक्षा आणि २०० तासांचं उड्डाण. त्याचं प्रशिक्षण धुळ्याला गोंदूरच्या धावपट्टीवर चालतं, म्हणजे घराजवळ आहे, पण खर्च लाखांच्या घरात. विमानाची देखभाल करून "हे उडायला योग्य आहे" अशी सही करणारा जो असतो, त्याला एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअर म्हणतात. त्यालाही डिग्री लागत नाही, डीजीसीएचं लायसन्स लागतं. बारावीनंतर त्याचा वेगळा अभ्यासक्रम आहे. आणि "एव्हिएशन मॅनेजमेंट" म्हणजे विमानतळावरचं व्यवस्थापन. चारही गोष्टी चांगल्या आहेत, पण चार वेगळ्या आहेत. जाहिरातीत मात्र चारहींवर एकाच विमानाचं चित्र असतं.

तिसरी गोष्ट, शिकायचं कुठे? आयआयटी मुंबई, मद्रास, कानपूर, खरगपूर. यासाठी जेईई मेन आणि मग जेईई ॲडव्हान्स्ड. तिरुवनंतपुरमला अवकाश खात्याची स्वतःची संस्था आहे, आयआयएसटी, २००७ साली सुरू झालेली. तिचा प्रवेशही जेईई ॲडव्हान्स्डच्या गुणांवर, पण अर्ज वेगळा भरावा लागतो. हा वेगळा अर्ज राहून जातो, म्हणून मुद्दाम सांगते. ठरावीक गुण राखले आणि जागा असल्या तर तिथून थेट इस्रोत जाता येतं. आपल्या राज्यात काही खाजगी कॉलेजांत ही शाखा आहे, तिथे सीईटीतून जाता येतं. आणि बी.टेक. दुसऱ्या शाखेत करून गेटची परीक्षा देऊन एम.टेक. एरोस्पेसमध्ये करता येतं, आयआयटीत किंवा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत.

मुलींच्या पालकांनी हे लिहून घ्या. २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, एसईबीसी आणि इतर मागास प्रवर्गातल्या, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना राज्यातल्या व्यावसायिक शिक्षणाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. पण प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रक्रियेतून झाला तर. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा राज्याबाहेर गेलात तर नाही. जमिनीला हात लावण्याआधी एवढं तपासा.

चौथी गोष्ट, नोकऱ्या. खरं सांगते, हे क्षेत्र लहान आहे. आयटीसारख्या हजारोंच्या भरत्या इथे होत नाहीत. पण आपल्या राज्यात ते आहे, आणि वाढतंय. ओझरला मिगनंतर सुखोई-३० बनली. २५ नोव्हेंबर २००९ ला आपल्या जिल्ह्याच्या प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती असताना पुण्याहून सुखोईतून उडाल्या, वयाच्या ७४ व्या वर्षी. आणि नाशिकमध्ये जोडलेलं पहिलं तेजस मार्क-१ए १७ ऑक्टोबर २०२५ ला ओझरहून उडालं. पुणे जिल्ह्यात वालचंदनगरला इस्रोच्या रॉकेटची कवचं बनतात, विक्रोळीत गोदरेजकडे रॉकेटची इंजिनं. "थ्री इडियट्स"मधला उडणारा कॅमेरा आठवतो? तो आयआयटी मुंबईच्या मुलांच्या आयडियाफोर्ज या ड्रोन कंपनीने बनवला होता. २०२० नंतर अवकाश क्षेत्र खाजगी कंपन्यांना खुलं झालं, आणि १८ नोव्हेंबर २०२२ ला हैदराबादच्या स्कायरूटचं रॉकेट श्रीहरिकोटाहून उडालं. बंगळूर, हैदराबाद, पुणे इथे परदेशी विमान कंपन्यांची डिझाइनची आणि सॉफ्टवेअरची कामं चालतात. माझं काम त्यातलंच.

आता एक गंमत ऐका. इस्रोच्या केंद्रीय भरतीत बहुतेक वेळा ज्या जागा निघतात, त्या इलेक्ट्रॉनिक्स, मेकॅनिकल आणि कॉम्प्युटर या शाखांच्या. म्हणजे इस्रोत जायचं म्हणून हट्टाने कुठल्याही कॉलेजातली एरोस्पेस घ्यायची, आणि मग कळायचं की जाहिरात मेकॅनिकलची आहे! रॉकेटच्या घन इंधनावर काम करून पुढे विक्रम साराभाई केंद्राचे संचालक झालेले आपले वसंतराव गोवारीकर केमिकल इंजिनिअर होते. पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला "स्वयम्‌" हा एक किलोच्या आतला उपग्रह २२ जून २०१६ ला पीएसएलव्हीने वर गेला. तो मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर अशा नेहमीच्या शाखांच्या मुलांनी बनवला होता.

मग एरोस्पेसची डिग्री घ्यायचीच कशाला? याचं उत्तर माझ्या कामातून देते. आपण दहावीच्या निकालाची वाट बघत होतो, तेव्हा, ४ जून १९९६ ला, युरोपचं एरियान-५ हे रॉकेट पहिल्यांदा उडालं आणि चाळीस सेकंदांच्या आत फुटलं. कारण काय? जुन्या एरियान-४ चा प्रोग्रॅम तसाच उचलून नव्यात घातला होता. त्यात आडव्या वेगाशी संबंधित एक आकडा अशा डब्यात भरला जात होता, ज्यात ३२,७६७ च्या वर मावतच नाही. जुन्या रॉकेटला तो डबा पुरत होता. नवं रॉकेट सुरुवातीलाच जास्त वेगाने आडवं जात होतं. आकडा मावला नाही, दिशा सांगणारी यंत्रणा बंद पडली, तिची जोडीची यंत्रणाही त्याच चुकीने बंद पडली.

प्रोग्रॅमची ओळ चुकीची नव्हती. रॉकेट बदललंय आणि त्याचा या ओळीवर काय परिणाम होईल, हे एकत्र बघितलं गेलं नव्हतं. ते बघायला दोन्ही समजणारा माणूस लागतो. आमच्या टीममध्ये एरोस्पेस शिकलेली एक मुलगी आहे, माझ्याहून बरीच लहान. मी या कामात नवी होते तेव्हा ती पण नवी होती. तिला सी प्रोग्रॅमिंग जेमतेम यायचं, पण पडद्यावरचा आकडा बघून ती म्हणायची, "ताई, या वेगाला विमानाचं नाक एवढं वर असूच शकत नाही." मला ते दिसायचं नाही. मग मी तिला कोड शिकवला, तिने मला विमान शिकवलं. बँकेच्या कामात चूक निघाली तर आम्ही रात्री दुरुस्त करून सकाळी चालू करायचो. इथे एक ओळ बदलायची तर का बदलली, कशासाठी, कुणी तपासली, हे सगळं लिहून ठेवावं लागतं आणि त्यात आठवडे जातात. कारण ती ओळ चुकली तर दुरुस्त करायला विमान थांबत नाही.

म्हणून माझं सांगणं एवढंच. चांगल्या संस्थेत एरोस्पेस मिळत असेल आणि गणित आवडत असेल, तर खुशाल घ्या, घाबरू नका. तशी संस्था मिळत नसेल, तर चांगल्या कॉलेजातलं मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर घ्या आणि विमानाचा अभ्यास सोबत ठेवा, पुढे एम.टेक.ला वळा. फक्त नावासाठी, कुठल्याही कॉलेजात, कर्ज काढून घेऊ नका. आणि ज्यांना डिग्रीच नको, त्यांनी आयटीआय किंवा डिप्लोमा करून ओझरच्या ॲप्रेंटिसशिपच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. विमानाचा पत्रा जोडणाऱ्या हातांशिवाय विमान उडत नाही.

फी भरण्याआधी कॉलेजात स्वतः जा आणि हे विचारा. विंड टनेल आहे का, आणि आज तो चालू करून दाखवता का? मागच्या तीन वर्षांत पास झालेल्या मुलांपैकी दहा जणांशी बोलायला मिळेल का? शिकवणाऱ्यांपैकी किती जण स्वतः एरोस्पेस शिकलेत? शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट कुठे झाले? चार वर्षांचा सगळा खर्च, होस्टेल-मेस धरून, लेखी देता का? उत्तर देताना समोरचा चिडला, तर ते उत्तरच समजा.

बाबांनो, दादांनो, पोरीने विमानाचं नाव काढलं की "आपल्याला कुठे जमतंय" म्हणू नका, आणि "घे, लागेल तेवढी फी भरू" असंही लगेच म्हणू नका. मधला एक आठवडा चौकशीला द्या. बियाण्याची पिशवी घेताना आपण चार दुकानं फिरतो, दहा जणांना विचारतो. पोराच्या चार वर्षांसाठी निदान तेवढं तरी करू.

आणि बॅचच्या मंडळींनो, हे आपल्यासाठी. आपल्यात डॉक्टर आहेत, वकील आहेत, बँकेत आहेत, शेतीत नवीन काही करून दाखवणारे आहेत. प्रत्येकाला आपापल्या क्षेत्राची आतली माहिती आहे, आणि ती गावात पोचायला अजूनही दोन वर्षं उशीर होतो. मुख्याध्यापक सरांशी मी बोलले आहे. दरवर्षी निकालानंतरचा पहिला रविवार आपण या हॉलमध्ये बसायचं. मुलं येतील, पालक येतील, विचारतील ते सांगायचं. माझा नंबर शाळेच्या ऑफिसात दिलाय. एरोस्पेस, इलेक्ट्रॉनिक्स, सॉफ्टवेअर, यातलं काहीही विचारायचं असेल तर ऑफिसातून घ्या आणि फोन करा.

या वेळी मी तीन मिनिटांत ठेवणार नाही.